स्टिअरिंग आणि चाकामधला शेवटचा सांधा

पावसाळा ओसरू लागला की गॅरेजमध्ये येणाऱ्या चारचाकींची एक तक्रार ठरलेली असते. खड्ड्यातून गाडी अगदी सावकाश काढली, तरी पुढच्या चाकापाशी ‘टक-टक’ वाजते. मालकाची पहिली शंका शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर जाते आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. परंतु हा आवाज टाय रॉड एंडचाही असू शकतो. आणि तसे असेल, तर प्रश्न केवळ खडखडाटाचा उरत नाही.

दुचाकीला हा भाग नसतो. तिथे हँडल आणि चाक एकाच फोर्कला जोडलेले असतात. चारचाकीत मात्र पुढची दोन्ही चाके एकाच वेळी, पण वेगवेगळ्या कोनांत वळवावी लागतात. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून त्याला अधिक वळावे लागते. ही युक्ती म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पर्गर या बग्गी बांधणाऱ्या कारागिराची. रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले आणि नाव चिकटले ते पेटंट घेणाऱ्याचे!

आजच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंग फिरवले की त्याच्या दांड्याच्या टोकाचे पिनियन हे छोटे दातेरी चाक रॅक नावाच्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड असतो. ज्या लोखंडी भागावर चाक बसते त्याला, म्हणजे नकलला, हा रॉड ज्या सांध्याने जोडला जातो, तो टाय रॉड एंड. रचना आपल्या खांद्यासारखी : वाटीत बसवलेला गोळा. चाक खड्ड्यांतून खाली-वर होते आणि त्याच वेळी वळतही असते. साध्या बिजागरीला हे दोन्ही साधणार नाही. गोळा सर्व दिशांना फिरावा, पण वाटीत तसूभरही सैल नसावा, एवढीच अपेक्षा.

गोळ्याभोवती ग्रीस असते आणि त्यावर रबरी बूट. खरी राखण या बुटाची. तो तडकला की पाण्याने ग्रीस धुऊन जाते, आपल्याकडची लाल माती आत शिरते आणि प्रत्येक वळणाला गोळा व वाटी एकमेकांना खाऊ लागतात. म्हणूनच हा सांधा किती किलोमीटर चालतो, याला ठाम उत्तर नाही. बूट शाबूत, तोवर सांधा शाबूत.

झीज झाली की चाकाची दिशा डळमळते. चाक अवघा एक अंश तिरके राहिले, तरी किलोमीटरमागे सुमारे १७ मीटर आडवे घासले जाते. टायरची कड करवतीसारखी होते ती त्यामुळे. पुढे स्टिअरिंग थोडे फिरवले तरी गाडीला ते कळेनासे होते. अखेरीस गोळा वाटीतून निसटतो आणि ते चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाटातील वळणावर हे घडले तर काय होईल, हे सांगायला नको.

तपासणी सोपी आहे. पुढचे चाक जॅकने उचलून, गाडीखाली भक्कम आधार देऊन, घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी चाक धरून हलवावे. खट्कन हालचाल जाणवली, तर टाय रॉड एंड किंवा रॅकजवळचा त्याचा जोडीदार, म्हणजे रॅक एंड, सैल झाला असावा. बारा आणि सहाच्या जागी धरल्यावर चाक हलले, तर संशय बेअरिंग वा खालच्या बॉल जॉइंटवर घ्यावा.

सांधा बदलताना जुन्याचे आटे मोजून नवा तितकाच बसवला की काम झाले, असे काही ठिकाणी सांगितले जाते. अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नेण्यापुरतेच ते खरे! नटाला स्प्लिट पिन असेल तर तीही नवीच घालून घ्यावी, आणि काढलेला सांधा मागून घ्यावा. नव्या सांध्याचा गोळा बोटांनी फिरवायला जड जातो. झिजलेल्याचा सैल लोंबतो. बदलण्याची गरज होती की नव्हती, ते तिथल्या तिथे कळते.