पस्तीस दिवसांनंतरचं कोल्हापूर

“काय भावा, बसायचं काय?” बसायचं म्हणजे प्यायचं; कोल्हापुरात हे प्रेमाने विचारतात. पण पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहून घरी परतलेल्या माणसाला सगळ्यात जड जातो तो हाच प्रश्न.

गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, व्यसनावर लेखक अनिल अवचटांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. तिथल्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. व्यसनी माणसाला तिथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात. तो आजारी आहे आणि आपला आहे, हे त्या एका शब्दात येतं.

रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते, भास होतात. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत जातात. मग समुपदेशन, गटचर्चा, व्यायाम. तिथले अनेक कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले. समोरच्याची सबब त्यांना आधीच पाठ असते, कारण कधीकाळी ती त्यांनीही सांगितलेली असते.

रुग्णमित्रांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवरा दारात आला की आधी तोंडाचा वास घ्यायचा, झोपला की खिसे चाचपायचे, ही सवय वर्षानुवर्षं अंगात मुरलेली असते. त्याची दारू सुटली तरी तिची धास्ती लगेच सुटत नाही. तिलाही उपचार लागतो, हे मुक्तांगणने ओळखलं.

डॉ. अनिता १९९७ साली गेल्या. आज त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेत आहेत.

पण स्वारगेटहून सुटलेली एसटी कोल्हापूरला पोचते, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. गटारी येते, मित्राची हळद येते, पगाराचा दिवस येतो. ‘फक्त आजचा दिवस’ हा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा मंत्र अशा वेळी कामी येतो. मन फारच ढासळलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही उचलला जातो. कुणी घसरला तर त्याने तोंड लपवू नये. पुन्हा उपचाराला यावं आणि आपण त्याला येऊ द्यावं.

आपल्या हातात एवढं नक्की आहे. त्याला फोन करायचा आणि म्हणायचं, “भावा, चल, रंकाळ्यावर भेळ खाऊया.”