फटीतून सरकणाऱ्या दुचाकीचे गणित

रस्त्यावरील वाहनांचा ओघ द्रवासारखा सलग मानून तो समीकरणात बसवण्याचा मार्ग लाइटहिल आणि व्हिटम यांनी १९५५ मध्ये आणि रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे १९५६ मध्ये दाखवला. रस्त्याच्या एखाद्या तुकड्यात शिरणारी आणि त्यातून बाहेर पडणारी वाहने यांतील फरकाइतकीच तेथील वाहनसंख्या बदलते आणि गर्दी वाढली की वेग घटतो, एवढाच त्यामागचा नियम आहे.

हा नियम सर्व वाहने एकसारखी धरतो. पुण्यातील रस्त्यावर मात्र दुचाकी, रिक्षा, मोटार आणि बस एकाच पट्ट्यात चालतात. म्हणून भारतीय अभियंते प्रत्येक वाहनाला ‘पीसीयू’, म्हणजे मोटारीच्या तुलनेतील अंक, देतात. मोजणीसाठी ही सोय उपयोगी असली, तरी दुचाकी हा मोटारीचा केवळ अपूर्णांक नव्हे. मोटारी ठप्प झाल्यावरही ती फटीतून पुढे सरकते. नायर, महमसानी आणि मिलर-हुक्स यांनी २०११ मध्ये रस्ता हा सच्छिद्र पदार्थ मानून, वाहनाचा वेग त्याला पुरेल एवढी फट मिळण्याच्या शक्यतेशी जोडला. अशा मांडणीत वाहनांच्या प्रत्येक वर्गाला स्वतंत्र समीकरण मिळते.

ही समीकरणे एकमेकांत गुंतलेली असल्याने संगणकावर टप्प्याटप्प्याने सोडवावी लागतात. त्यासाठी रस्त्याचे लहान कप्पे पाडून प्रत्येक क्षणी शेजारच्या कप्प्यांमधील आवक-जावक मोजली जाते. गणनेच्या एका टप्प्यात सर्वांत जलद वाहनाने वा गर्दीच्या लाटेने एका कप्प्याहून अधिक अंतर कापता कामा नये, ही अट कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्येच सांगितली होती. ५० मीटरचा कप्पा आणि ताशी ६० किलोमीटर हा कमाल वेग धरला, तर एका टप्प्याचा कालखंड ३ सेकंदांच्या आतच ठेवावा लागतो.

खरी कसोटी लागते ती कोंडीच्या शेपटाशी, जेथे गर्दी एकदम वाढते. एकाच प्रकारची वाहने असतील, तर गोदुनोव्ह यांची १९५९ ची पद्धत ही कड नेटकी पकडते. वर्ग वाढले की लाटांचे वेग थेट सूत्रात मांडणे कठीण होते आणि लॅक्स-फ्रीडरिक्ससारखी सोपी पद्धत वापरावी लागते. पण ती कड पसरट करते, त्यामुळे कोंडी कोठवर पोहोचली याचाच अंदाज बिघडतो. कप्पे बारीक केल्यास हा दोष घटतो, मात्र त्याबरोबर गणनेचा खर्च वाढतो.

उड्डाणपूल किंवा बसमार्गिका यांचा निर्णय अशा गणनेवर बेतताना कप्प्याची लांबी, कालखंड आणि दुचाकींची मांडणी नागरिकांसमोर उघडपणे ठेवली गेली पाहिजे.