मुक्तसंधारित आयुधें आणि 'नागास्त्र-१'

अग्निपुराणांतील धनुर्वेदप्रकरणांत यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त व बाहुयुद्ध असे पांच भेद सांगितले आहेत. प्रासाप्रमाणें सोडून पुन्हां आवरतां येतें तें मुक्तसंधारित. नागपूर येथील 'नागास्त्र-१' या लढाऊ ड्रोनास हीच संज्ञा आम्हांस समर्पक वाटते. जून २०२४ मध्यें त्याचे पहिले १२० नग भारतीय सैन्यास मिळाले.

वजन सुमारें ९ किलो. चालकाच्या नियंत्रणाखालीं पल्ला १५ किलोमीटर. लक्ष्यस्थानीं निरपराध मनुष्य दिसल्यास त्यास परत फिरवून हवाई छत्रीनें उतरवितां येतें. तोफगोळ्यास हें साधत नाहीं. याचें खरें बळ हेंच.

परंतु स्फोटक अवघें १ किलो. त्यानें तट पडत नाहीं. शिवाय आवरण्याची दोरी म्हणजे रेडिओलहरी. शत्रूनें त्या बिघडविल्या कीं चालकाचा हात सुटतो. युक्रेनच्या युद्धांत म्हणूनच कांहीं ड्रोनांमागें कांचतंतू सोडावे लागले. आणि घेतलेलें ठाणें राखण्यास अमुक्त शस्त्र धरणारा शिपाईच लागतो.

प्राचीन ग्रंथांत 'नागास्त्र' हें नांव आढळतें, एवढ्यावरून पूर्वजांस हीं यंत्रें अवगत होतीं असें अनुमान काढणें निराधार होय. वर्गीकरणाचें श्रेय पूर्वजांचें. यंत्राचें श्रेय आजच्या कारागिरांचें.