चिकलठाण्याचा ट्रक आणि पुण्याची ट्रॅव्हल्स

२६ एप्रिल १९९३ च्या दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ एका ट्रकला धडकलं. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून तो ट्रक कापसाच्या गाठी घेऊन चालला होता. चाकं गाठींवर आदळली, विमान तसंच पुढे गेलं, विजेच्या तारांना भिडलं आणि कोसळलं. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत दोन दोष निघाले. वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला आणि तेही चुकीच्या पद्धतीने. दुसरं म्हणजे उड्डाणांच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक विमानतळ यंत्रणेने रोखली नव्हती. विमान सुरक्षित की रस्ता, या वादात दोघांनाही एकाच पिंजऱ्यात उभं करणारा असा अपघात क्वचितच सापडेल.

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाला हा वाद नुसता गप्पांपुरता नाही. इथून विमान गाठायचं तर आधी खामगाव किंवा नांदुरा, मग छत्रपती संभाजीनगर नाहीतर थेट नागपूर. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान उडू लागलं, पण तिथवरचा रस्ताही शंभर किलोमीटरहून जास्तच. त्यामुळे आपल्याकडच्या विमानप्रवासातला सगळ्यात जोखमीचा तुकडा विमानात बसण्याआधी आणि उतरल्यानंतरचा असतो. आणि पुण्या-मुंबईला असलेली बहुतेक पोरं तर दिवाळीला रात्रीची ट्रॅव्हल्सच धरतात.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. म्हणजे रोज सरासरी ४६२. उलट मे २०१० मधल्या मंगळूरच्या दुर्घटनेनंतर थेट ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडला भारतीय कंपनीचं प्रवासी विमान धावपट्टीवरून घसरून फुटलं. त्यात २१ जण गेले. ते विमान चालवणारे दीपक साठे हे हवाई दलातून निवृत्त झालेले मराठी वैमानिक होते. मग १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण मृत्युमुखी पडले. २०२२ च्या सरासरीने मोजलं तर रस्त्यांना एवढे बळी घ्यायला चौदा तासही लागत नाहीत.

हा हिशेब थोडा फसवा आहे, हे मान्य करायला हवं. रस्त्याने जाणारी माणसं कितीतरी जास्त, आणि त्या मृतांत निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरचे. शिवाय विमानाचा धोका किलोमीटरवर सारखा पसरलेला नसतो. तो मुख्यतः वर चढताना आणि खाली उतरताना दाटतो. म्हणून दर किलोमीटरमागे मोजलं की विमान फार पुढे दिसतं, दर फेरीमागे मोजलं की अंतर कमी होतं. तरी लांबच्या प्रवासात पारडं विमानाकडेच राहतं.

ते का, हे आपल्या जिल्ह्यातल्याच एका रात्रीवरून कळतं. १ जुलै २०२३. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा इथे मध्यरात्रीनंतर उलटली आणि पेटली. ती दाराच्या कुशीवर पडली, दार खाली दबलं. पंचवीस जण आतच जळाले. वाचले ते काच फोडून निघालेले. टायर फुटला असं आधी सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. आता याच्या शेजारी २ जानेवारी २०२४ ची टोकियोच्या हानेदा विमानतळावरची संध्याकाळ ठेवा. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकलं आणि पेटलं. आतले ३७९ जण सगळे बाहेर पडले. त्यात दैव असेलच, पण नियमही होता: निम्मी दारं बंद असली तरी दीड मिनिटात सगळे बाहेर येऊ शकतात हे दाखवल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला परवानाच मिळत नाही.

झोपेचं आणि दारूचंही तेच. वैमानिकाने उड्डाणाआधी बारा तास दारूला शिवायचं नाही, फुंकर मारून चाचणी द्यायची, ठरल्या तासांपलीकडे विमान चालवायचं नाही. जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. ड्रायव्हरसाठी कायदाच नव्हता असं कुणाला वाटत असेल तर १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा बघावा: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत सामावला जाईपर्यंत साठ वर्षांहून जास्त चालला तो. फक्त ते तास मोजायला ढाब्यावर कुणी उभं नसतं. आणि अपघातानंतर विमानाचा काळा डबा शोधला जातो, पुढचं विमान पडू नये म्हणून कारण खणलं जातं; रस्त्यावर मात्र ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला की बहुधा कारणाचा शोध तिथेच संपतो.

भीती तरीही विमानाचीच वाटते, आणि ती महागात पडते. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकेत असंख्य लोकांनी विमान टाळून गाडी काढली. गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञाने वर्षभरातल्या जादा रस्तामृत्यूंचा अंदाज काढला, तो सुमारे दीड हजार भरला.

विमानात पट्टा लावल्याशिवाय हवाई सुंदरी पुढे सरकत नाही. गाडीत मागे बसणारा मात्र पट्ट्याचं बक्कल सीटखाली ढकलून मोकळा होतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता. त्याच वर्षी पट्टा न लावलेले १६,७१५ जण मेले. त्यातले ८,३३१ गाडी चालवत नव्हते, नुसते बसले होते.

ट्रॅव्हल्सच्या बर्थवर पट्टा लावायची सोय नसतेच बहुधा. तिथे प्रवाशाच्या हातात थोडंच उरतं. दुसरा ड्रायव्हर आहे का, आपत्कालीन दारासमोर पार्सलं रचली आहेत का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, हे तिकीट काढताना विचारलं तर एजंट चमत्कारिक नजरेने बघतो. बघू द्यावं.