मालकाच्या जबाबदारीवर

हॉटेल असो की मंगल कार्यालय, वाहनतळावर एक पाटी हमखास असते : 'वाहने मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत.' ती वाचली की आपण मनातल्या मनात हात टेकतो. चोरी झालीच तर आपलं नशीब! कायदा मात्र त्या पाटीपाशी थांबत नाही. वस्तू कोणाच्या ताब्यात होती, हे तो आधी विचारतो.

१ ऑगस्ट १९९८ ची रात्र. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक गृहस्थ आपल्या मारुती झेनमधून आले. गाडी लावून देणाऱ्या नोकराकडे चावी सोपवून, चिठ्ठी घेऊन ते आत गेले. एकच्या सुमारास बाहेर येतात तो गाडी नाही! हॉटेलच्या ताब्यातली चावी उचलून दुसराच कोणी ती घेऊन पसार झाला होता. आणि चिठ्ठीवर तर छापलेलं, की चोरीला व्यवस्थापन जबाबदार नाही. विमा कंपनीने गाडीवाल्याला २ लाख ८० हजार रुपये दिले, मग दोघांनी मिळून हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १४ नोव्हेंबर २०१९ ला. एकवीस वर्षं! तोवर ती झेन तशीही मोडीत निघाली असती.

निकाल हॉटेलच्या विरोधात गेला. गाडी सोपवून घेतली की ती धडपणे परत करणं हॉटेलवर आलं. हरवली, तर आपला हलगर्जीपणा नव्हता हे हॉटेलने दाखवायचं. चिठ्ठीवर काहीही छापलं तरी स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. याचा आधार १८७२ चा करार कायदा. सोपवलेल्या वस्तूची काळजी, शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी घ्यायची, असं तो सांगतो. मी कायदा शिकलेला नाही, शब्दांत रमणारा माणूस. मला यात घरात ऐकलेला 'अमानत' हा शब्द दिसतो. मराठीत तोच 'अनामत' होऊन बसला आहे.

पण सोपवणं घडलेलं हवं. जागा पाहून गाडी आपणच लावली, चावी खिशात, तर मालकाला धरणं अवघड. रेल्वेच्या एका प्रवाशाने कमरेच्या पट्ट्यात एक लाख रुपये बांधले होते, ते झोपेत गेले. स्वतःजवळचा ऐवज प्रवाशालाच सांभाळता आला नाही, तर तो रेल्वेच्या सेवेतला दोष नव्हे, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मला ते पटतं.

बँकेच्या लॉकरचं प्रकरण मधलं आहे. आत काय आहे ते बँकेला ठाऊक नसतं, पण खोली, पहारा आणि दुसरी चावी तिचीच. न्यायालयाने २०२१ मध्ये कान टोचल्यावर रिझर्व्ह बँकेने नवे नियम केले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली, तर वार्षिक भाड्याच्या शंभर पट भरपाई. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. सोन्याचा आजचा भाव पाहता हा हिशेब मला कोता वाटतो.

तेव्हा चिठ्ठी आणि भाड्याची पावती फेकू नका. चोरी झाली तर पोलिसांत फिर्याद द्या, तिची प्रत घ्या आणि मालकाला लेखी कळवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.