रायफल जुनीच, काडतूस नवं

मिखाईल कलाश्निकोव्हची एके-४७ आणि युजीन स्टोनरची एआर-१५, जिची पुढे एम-१६ झाली. आज जगभरातलं बहुतेक पायदळ ज्या रायफली वागवतं, त्या या दोघींपैकी कुणाच्या ना कुणाच्या लेकी-नाती आहेत. पहिली १९४७ची, दुसरी त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेली. त्या काळातली लढाऊ विमानं केव्हाच संग्रहालयात गेली. रायफल मात्र थोडं रूप पालटून अजून ड्युटीवर आहे.

असं का, हे समजायला चाप ओढल्यावर काय होतं ते बघावं लागतं. फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर आदळते, आतली दारू पेटते, तयार झालेला वायू गोळीला नळीतून पुढे रेटतो. गोळी बाहेर पडण्याआधीच त्यातला थोडा वायू नळीला पाडलेल्या बारीक भोकातून वर शिरतो आणि एका दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्याबरोबर बोल्ट फिरतो, सुटा होतो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे लोटते आणि जाता जाता तो मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये बसवतो. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात. चिखलात, वाळूत, बर्फात हजारो वेळा न चुकता एवढं करणारी यंत्रणा एकदा सापडली की तिला उगाच हात लावायला कुणी धजत नाही.

आणि ही यंत्रणा काडतुसाच्या तालावर चालते. व्हिएतनाममध्ये एम-१६ ऐन चकमकीत अडकू लागली तेव्हा अमेरिकनांना हे महागात पडून कळलं. ज्या दारूवर रायफल बेतली होती, ती बदलून लष्करानं दुसरीच भरली होती. त्यामुळे वायूच्या दाबाचं गणित बिघडलं, काजळी वाढली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि साफसफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नव्हतं. अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं १९६७ मध्ये यावरून लष्कराचे वाभाडे काढले. रायफल वाईट नव्हती, तिला घातलेला दाणागोटा चुकीचा होता.

क्रांतीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीनं जी-११ नावाची रायफल केली, तिच्या काडतुसाला पुंगळीच नव्हती. दारूचाच ठोकळा, त्यात रोवलेली ४.७३ मिलिमीटरची गोळी. वजन घटलं, पुंगळी बाहेर फेकायची कटकट गेली. पण पितळी पुंगळी एक काम मुकाट्यानं करत असते, ते तेव्हा लक्षात आलं : चेंबरमधली बरीच उष्णता ती स्वतःबरोबर बाहेर नेते. ती नसल्यामुळे तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस आपोआप उडू लागलं. नव्या प्रकारची दारू शोधून त्यावरही उपाय काढला, तोवर बर्लिनची भिंत पडली, दोन जर्मनी एक झाल्या आणि पैसा दुसरीकडे वळला. अमेरिकेनं रायफल आणि हवेत फुटणारे छोटे गोळे डागणारी तोफ एकाच हत्यारात कोंबून पाहिली. वजन आठ किलोच्या पुढे गेलं. तो प्रकल्पही गुंडाळला.

आता खरी हालचाल झाली आहे ती काडतुसात. अमेरिकी लष्करानं एप्रिल २०२२ मध्ये सिग सॉअर कंपनीची नवी रायफल निवडली. आधी एक्सएम-५, मग एक्सएम-७ आणि आता एम-७ म्हणून ती ओळखली जाते. कारण दुहेरी. अफगाणिस्तानात डोंगरावरून दूरवरून होणाऱ्या माऱ्याला ५.५६ मिलिमीटरची हलकी गोळी पुरी पडत नव्हती. दुसरीकडे, सैनिकांच्या अंगावरची चिलखतं सुधारत चालली होती. म्हणून ६.८ मिलिमीटरची गोळी आली. नळी फक्त १३ इंचांची, म्हणजे एवढ्या कमी अंतरात गोळीला वेग द्यायचा तर दाब वाढवणं आलं. पेट्रोलपंपावर आपण गाडीच्या चाकात ३०-३५ पीएसआय हवा भरतो. या काडतुसात दाब ८०,००० पीएसआयपर्यंत जातो. जुन्या ५.५६च्या काडतुसात तो ६०,०००च्या आसपास असतो. ८०,००० पीएसआय पितळेला सोसवत नाही. म्हणून पुंगळीचं बूड स्टेनलेस स्टीलचं, वरचा भाग पितळेचा आणि दोन्ही आतून एका वॉशरनं जखडलेले. स्पर्धेतल्या एका कंपनीनं प्लास्टिकची पुंगळी आणली होती, दुसरीनं गोळी पूर्णपणे पुंगळीच्या पोटात बसवली होती. जिंकली ती मात्र त्यातल्या त्यात ओळखीची वाटणारी.

याची किंमत सैनिकाचा खांदा मोजतो. आतापर्यंतची एम-४ कार्बाइन रिकामी असताना तीन किलोच्या आसपास. एम-७ सायलेन्सरसह साडेचार किलोच्या घरात, तीही नेम धरायची साइट न लावता. मॅगझिनमध्ये ३०च्या जागी २० गोळ्या. पूर्वी जवान २१० गोळ्या घेऊन निघायचा, आता १४०. २०२५ मध्ये अमेरिकी लष्करातल्याच एका कॅप्टननं जाहीर परिषदेत या रायफलीवर सडकून टीका केली. कंपनीनं ती खोडून काढली. पण गोळ्या कमी झाल्या हे गणित कुणालाच खोडता येत नाही. मला विचाराल तर सत्तर कमी गोळ्या हा फार मोठा सौदा आहे.

त्या सौद्याचं समर्थन करणारे बोट दाखवतात ते रायफलीवरच्या साइटकडे. एक्सएम-१५७ नावाच्या या साइटमध्ये लेझरनं अंतर मोजायची सोय आहे, हवेचा दाब आणि तापमान टिपणारे सेन्सर आहेत आणि हिशेब करणारा छोटा संगणक आहे. गोळी सरळ रेषेत जात नाही. १०० मीटरवर नेम जुळवलेली ७.६२ बाय ५१ची (गोळीचा व्यास बाय पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) गोळी ५०० मीटरवर दीड मीटरहून अधिक खाली उतरते. पूर्वी हे अंतर डोळ्यांनी अजमावून, अनुभवानं ‘वर धरावं’ लागे. आता साइट अंतर मोजते आणि नेमाचा ठिपका योग्य जागी सरकवते. इस्रायलची ‘स्मॅश’ साइट त्याही पुढची. लक्ष्यावर कुलूप लावायचं, चाप दाबून धरायचा. नेम जुळला असं तिला वाटेल त्या क्षणीच गोळी सुटते. ड्रोन पाडायला हे फार उपयोगी. भारतीय नौदलानंही २०२०च्या सुमारास अशा साइट्स मागवल्या.

पण संगणक आला की त्याची दुखणीही येतात. ट्रॅकिंगपॉइंट या अमेरिकी कंपनीच्या ‘स्मार्ट’ रायफलीत २०१५ मध्ये दोन संशोधकांनी वाय-फायवरून शिरून दाखवलं. गोळीचं वजन वगैरे आकडे त्यांनी आतल्या आत बदलले आणि नेम शेजारच्या लक्ष्यावर नेला. चाप यांत्रिक होता म्हणून रायफल निदान स्वतःहून झाडता आली नाही. बॅटरी संपल्यावरही साध्या डोळ्यांनी नेम धरता आला पाहिजे, हा जुन्या हवालदारांचा हट्ट अगदी रास्त आहे.

आपल्याकडची गोष्ट मुळात काडतुसांच्या गोंधळाची आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेनं आखलेली इन्सास रायफल ५.५६ची. नव्वदच्या दशकात ती आली आणि कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी झाल्या. नंतर एकाच रायफलीत नळी बदलून दोन प्रकारची काडतुसं वापरायचं टेंडर निघालं. २०१५ मध्ये ते रद्द झालं. मग २०१९ मध्ये सिग-७१६ घेतल्या, ७.६२ बाय ५१च्या. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ अमेठीजवळच्या कोरव्यात बनवायचा करार झाला, त्या ७.६२ बाय ३९च्या. ड्रॅगुनॉव्ह स्नायपर रायफल ७.६२ बाय ५४ची. तिन्ही ‘सात बासष्ट’, पण एकीची गोळी दुसरीला चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईनंच हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर ‘उग्रम’ दाखवली : ७.६२ बाय ५१, वजन चार किलोच्या आत, पल्ला ५०० मीटर, मॅगझिन २० गोळ्यांचं. साधारण शंभर दिवसांत उभी केलेली ही रायफल चाचण्यांत टिकली तर कौतुकच आहे.

ती टिको न टिको, वरणगाव आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यांना काय भरायचं हे एकदा नक्की सांगितलं पाहिजे. काडतूस बदललं की यंत्रं, साठे, सराव, सगळंच बदलतं; अमेरिकेसारखा खर्च आपल्याला पेलणारा नाही. साइटचं तसं नाही. ती जुन्या रायफलीच्या पट्टीवरही बसते, आणि आपला पैसा तिथे जायला हवा. तसा तो जाऊही लागला आहे. सिग-७१६च्या पहिल्या ७२,४०० रायफलींचा सौदा सातशे कोटींच्या आतला होता; याच प्रकारच्या रायफलींसाठी, रात्री नेम धरता येईल अशा साइट्सचा जो करार ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला, तो ६५९ कोटींचा आहे.