गल्ल्यावरचा मोबाइल आणि घरातली मुले

तुमसर हे भंडारा जिल्ह्यातील धान-तांदळाच्या व्यापाराचे जुने केंद्र. हंगामात येथील आडतीवर, किंवा एरवी भंडारा, पवनी, साकोलीच्या बाजारातील किराणा वा कापडाच्या दुकानात सायंकाळी पाऊल ठेवले, की एक दृश्य हमखास दिसते. ग्राहक क्यूआर कोडवर पैसे पाठवतो. रक्कम जमा झाली की नाही हे पाहण्यासाठी गल्ल्यावरचे वडील शिकवणीवरून नुकत्याच परतलेल्या नववी-दहावीतल्या मुलाकडे मोबाइल सरकवतात. जीएसटीच्या पोर्टलवर आलेला ओटीपी कर सल्लागाराला कळवणे, वीजबिल भरणे, ठोक व्यापाऱ्याला मालाची यादी पाठवणे ही कामेही हळूहळू त्याच्याच अंगावर येतात. ‘आमच्या मुलाला मोबाइलमधले सगळे कळते,’ असे वडील कौतुकाने सांगतात.

एके काळी ही कामे मुनीम करीत असत. मुनिमाची पारख वर्षानुवर्षे चाले. तिजोरीची किल्ली त्याच्या हाती सहजासहजी जात नसे. आज तीच किल्ली १४-१५ वर्षांच्या मुलाच्या खिशात आहे. त्याच मोबाइलवर तो खेळ खेळतो, इन्स्टाग्राम पाहतो आणि कधी न भेटलेल्या माणसांशी बोलतोही. यात दोष मुलाचा नाही. किल्ली दिली गेली, ती सांभाळण्याचे शिक्षण मात्र द्यायचे राहिले.

वापर अधिक, सावधगिरी कमी

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांची पाहणी आहे. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीआधीच्या आठवड्यात सुमारे ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी, तर सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक वा रिपोर्ट कसे करावे हे सुमारे ६२ टक्के मुलांना, पासवर्ड कसा बदलावा हे सुमारे ५८ टक्के मुलांना, आणि आपले प्रोफाइल खाजगी कसे ठेवावे हे केवळ ५५ टक्के मुलांना ठाऊक होते. म्हणजे या माध्यमांत वावरणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना आपल्या घराचे दार कसे लावावे हेच माहीत नाही.

खतावणी शिकवते तोच धडा

खाजगीपणा हा शब्द नवा वाटला, तरी व्यापारी घरांना त्याचे आचरण नवे नाही. एका ग्राहकाची उधारी दुसऱ्या ग्राहकाला सांगायची नाही, खतावणी उघडी टाकून उठायचे नाही, खरेदीचा भाव चारचौघांत बोलायचा नाही, हे संस्कार दुकानात बसणारे मूल न शिकवता उचलते. बाजारातील पत याच मौनावर उभी असते. मुलाला एवढेच समजावून द्यायचे आहे, की त्याची जन्मतारीख, पत्ता, शाळेचे नाव, छायाचित्र आणि तो रोज कोठे असतो ही माहिती त्याच्या स्वतःच्या खतावणीतील पाने आहेत. ती कोणाला दाखवायची हे त्याने विचारपूर्वक ठरवावे.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले असून, तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनंतर लागू होतात. मात्र कायदा कंपनीला बांधतो. घरातल्यांनी स्वतः बाहेर टाकलेली माहिती तो परत आणून देत नाही.

पहिली गळती घरातूनच

येथे पालकांनी थोडे आत्मपरीक्षण करावे. दहावीचा निकाल लागला, की गुणपत्रिकेचे छायाचित्र नातेवाइकांच्या आणि समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर फिरू लागते. त्यावर मुलाचे पूर्ण नाव, बैठक क्रमांक आणि आईचे नाव असते. मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहायला बैठक क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते. वाढदिवसाच्या शुभेच्छांतून जन्मतारीख जाते, सहलीच्या छायाचित्रांतून घर बंद असल्याची वर्दी जाते, आणि विवाहयोग्य मुलामुलींच्या परिचयपत्रकांतून जन्मवेळ, पत्ता, उत्पन्न व दूरध्वनी क्रमांक असे सारेच जाते. हेतू प्रेमाचा असतो, पण दोनशे जणांच्या समूहात सगळेच आपले नसतात. मुलाचे छायाचित्र टाकण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे. ज्याची संमती घरात घेतली जाते, तो मुलगा बाहेरही इतरांची संमती घेतो.

तीन धोके, जे नावानिशी सांगावेत

‘सांभाळून वापर’ एवढ्या मोघम उपदेशाने काही होत नाही. धोक्याचे स्वरूप स्पष्ट सांगावे लागते.

पहिला धोका पिन आणि ओटीपीचा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे म्हणणारा माणूस फसवणारच असतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, खातेदाराने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून दुकानाचे खाते ज्या मोबाइलला जोडलेले आहे, तो मुलांच्या खेळासाठी देऊ नये. दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिली आहे. व्यवहार शिकवायचा असेल, तर अशा छोट्या खात्यावर शिकवावा; दुकानाच्या चालू खात्यावर नव्हे.

दुसरा धोका भाड्याच्या खात्याचा. नागपूरला वा पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला कोणी सांगतो, ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड काही दिवस वापरू दे, कमिशन मिळेल.’ त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा पुढे सरकतो. पोलीस तपासाला लागतात, तेव्हा पहिले नाव खातेदाराचेच निघते. खाते गोठते, चौकशी मागे लागते, आणि ज्या घराच्या शब्दावर लाखोंचा माल उधार मिळत होता, त्या घराची चर्चा बाजारात सुरू होते.

तिसरा धोका सर्वांत नाजूक. समाजमाध्यमावर ओळख वाढवून, समवयस्क असल्याचे भासवून कोणी खाजगी छायाचित्र मागतो आणि मग पैशासाठी धमकावतो. कधी साध्या छायाचित्रावरून बनावट चित्रही तयार केले जाते. अशा वेळी पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसून टाकू नये, स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. अल्पवयीन मुलांची अशी चित्रे बाळगणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि पोक्सो कायदा या दोहोंखाली गंभीर गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांसंबंधीची तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखालील मुलांची अशी चित्रे सहभागी संकेतस्थळांवरून हटवण्यास मदत करते. त्यासाठी मूळ चित्र कोणाला पाठवावेही लागत नाही.

धाक की भरवसा?

या तिन्ही प्रसंगांत हानी वाढते ती उशिराने. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. पण मूल लवकर सांगेल केव्हा? ‘मोबाइल काढून घेईन’, ‘घराण्याचे नाव घालवलेस’ हे शब्द ज्याच्या कानावर रोज पडतात, ते मूल संकट आले की गप्प बसते. एकटेच मार्ग शोधते आणि अधिक खोल रुतते. चुकीची नोंद लपवणारा मुनीम पेढी बुडवतो, आणि ‘चूक झाली’ म्हणून त्याच सायंकाळी सांगणारा ती वाचवतो, हे व्यापारी माणसाला वेगळे सांगायला नको. तेव्हा संकट येण्यापूर्वीच घराने मुलांना शब्द द्यावा: काहीही झाले तरी आधी आम्हाला सांग, रागवायचे असेल तर ते नंतर, आधी मार्ग काढू.

वडगावचा भोंगा

सवयींबाबत महाराष्ट्रातील दोन गावांचे प्रयोग बोलके आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरले, की सायंकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे मोबाइल आणि दूरदर्शन संच दीड तास बंद ठेवायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावरच बंदीचा ठराव केला. दोन्हींमागची कळकळ एकच. फरक इतका, की वडगावचा भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. वडील ताटावर बसून भाव पाहत असतील, तर मुलाने मोबाइल खाली ठेवावा ही अपेक्षा पोकळ ठरते.

सूर्यास्तापूर्वी एकत्र जेवणाऱ्या घरांना तर भोंग्याचीही गरज नाही. ती वेळ आधीच ठरलेली आहे. त्या वेळी सर्वांचे मोबाइल एका कपाटात गेले, की झाले. रात्री निजताना ते कपाट मुलांच्या खोलीबाहेर असावे. आठवड्यातून एकदा, दुकानाचा रोजमेळ तपासावा तसा अर्धा तास मुलासोबत बसून मोबाइल तपासावा. कोणत्या अ‍ॅपला कॅमेरा, माइक, संपर्कयादी व ठिकाण पाहण्याची परवानगी दिली आहे, दुहेरी पडताळणी चालू आहे का, प्रोफाइल खाजगी आहे का, हे पाहावे. आधी वडिलांचा मोबाइल मुलाने तपासावा आणि मग मुलाचा वडिलांनी. पहिल्या आठवड्यात बहुधा वडिलांच्याच मोबाइलमध्ये अधिक चुका सापडतील. त्या हसून मान्य कराव्यात, म्हणजे मुलालाही आपल्या चुका सांगण्याचे धैर्य येईल.